चोर्ल्याच्या घाटात

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करीत गोमंतकात उतरणारा चोर्ल्याचा घाट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दिवसा त्या रस्त्याने जाणे म्हणजे डोळ्यांना सोहळाच वाटतो. परंतु जून महिन्यात, रात्रीच्या वेळी, पाऊस आणि धुके एकत्र आले म्हणजे त्याच रस्त्याचे रूप पालटते. दिव्यांचा उजेड दहा-बारा हातांपलीकडे पोचत नाही, एक वळण केव्हा संपले आणि दुसरे केव्हा लागले ते समजत नाही, आणि मधूनच एखादा गवा रस्त्यात असा उभा असतो की तो डोंगराचाच एक तुकडा वाटावा. आमच्या भागातील भाजीचे टेम्पो मात्र याच रस्त्याने आणि याच वेळी गोव्यास जातात; कारण कोबी, मिरची, कोथिंबीर पहाटेच्या बाजाराला पोचली नाही तर मालाची किंमत निम्मी होते आणि बँकेचा हप्ता काही निम्मा होत नाही.

२०१९ सालच्या जूनमध्ये अशाच एका टेम्पोत मी बसलो होतो. बार्देशात दिलेली माझी थोरली बहीण अकस्मात आजारी पडल्याचा निरोप सायंकाळी आला आणि तोवर शेवटची बस निघून गेलेली होती. टेम्पो आमच्याच धर्मग्रामातील एका सव्वीस वर्षांच्या तरुणाचा. वडील लहानपणीच वारलेले. आईने दुसऱ्याच्या शेतात राबून त्यास वाढविले आणि त्याने कर्ज काढून ही गाडी घेतलेली. गाडी घेतली त्या दिवशी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देणारा मीच होतो. बरोबर क्लीनर म्हणून शेजारच्या आळीतला एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो दाराशी, मी मध्ये आणि चालक आपल्या जागी असे आम्ही निघालो.

जांबोटीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली. पाऊस नुकता सुरू झाला होता. चालक टपरीच्या मागल्या पत्र्याखाली गेला, आणि थोड्याच वेळात वाऱ्याबरोबर एक वास आला. जत्रेत बैराग्यांच्या राहुटीवरून जे कधी गेले असतील त्यांना त्या वासाची ओळख करून देण्याची गरज नाही. तो परत आला, खळखळून चूळ भरली, चहा घेतला. मी त्याच्याकडे पाहिले तेव्हा तो काहीसा ओशाळून म्हणाला, “जीवाला जरा बरं वाटतंय एवढंच, फादर. दारूला म्या हात लावत न्हाई.” पावसाचा जोर वाढला म्हणून आम्ही तेथेच तासभर बसून राहिलो. मग तो उठला, तोंडावर पाणी मारले आणि स्वतःच म्हणाला, “चला फादर, आता उतरली.”

मी उठलो आणि गाडीत जाऊन बसलो.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. हे सारे मला कुमसारात कळलेले नव्हे. तसे असते तर आज ही लेखणी उचलताच आली नसती. जे माझ्या डोळ्यांदेखत आणि नाकादेखत घडले तेच मी लिहीत आहे, आणि तेही त्या तरुणाची संमती घेऊन. त्या क्षणी माझे काम एका वाक्याचे होते. ‘बाळा, रात्र येथेच काढू, पहाटे निघू,’ एवढे म्हटले असते तर त्याने माझा शब्द खचित मोडला नसता. मी ते का म्हटले नाही याची कारणे पुढे मी पुष्कळदा स्वतःशीच मोजली. बहिणीची काळजी होती, फुकट मिळालेल्या जागेचा संकोच होता. पण सर्वांत मोठे कारण हे की, माझ्याही मनात दारू आणि गांजा यांचे खाते वेगवेगळे होते. प्यालेल्या माणसाच्या शेजारी मी कदापि बसलो नसतो.

आणि प्रवास सुरू झाल्यावर तर माझी उरलीसुरली शंकाही मावळली. इतक्या सावकाश, इतक्या शांतपणे गाडी चालविणारा तरुण मी पाहिला नव्हता. समोरून येणाऱ्या ट्रकास तो वाट देई, कोणास घाई करीत नसे. मी खिशातील जपमाळ काढली आणि निश्चिंत मनाने प्रार्थना सुरू केली.

कणकुंबी मागे पडून बराच वेळ झाला होता. एका वळणावर क्लीनर मुलगा “गवा!” म्हणून ओरडला. मलाही तो दिसला. मी चालकाकडे पाहिले. तोही त्याच दिशेने पाहत होता, त्याचे डोळे सताड उघडे होते, परंतु त्याचा पाय हलला नाही. तो क्षण किती लांबीचा होता हे मला सांगता येणार नाही. पुढे त्याने स्वतःच मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, “मला दिसला हुता, फादर. पण वाटलं, लई वेळ हाय अजून.” अखेर त्याने चाक डोंगराच्या बाजूस वळविले. गाडी गटारात उतरली आणि तिची डावी बाजू कातळावर आदळली. दाराशी बसलेल्या मुलाचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. माझ्या खांद्यास मार बसला. चालकास साधे खरचटलेही नाही. गवा सावकाश रस्ता ओलांडून झाडीत गेला.

तासाभराने पोलीस आले. त्यांनी आपले कर्तव्य केले. चालकाच्या तोंडापुढे दारू तपासण्याचे यंत्र धरले आणि त्यास फुंकावयास लावले. यंत्रावर शून्य आले. मग त्यांनी कागदावर कारण लिहिले: पाऊस, धुके व वन्य प्राणी. त्यांतील एकही शब्द खोटा नव्हता. मी शेजारी खांदा धरून उभा होतो; मला कोणी काही विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या ओसरीवर चालकाची आई मला भेटली. तिने माझे हात धरले व विचारले, “पोरगं प्यालं हुतं काय, फादर? खरं सांगा.” मी म्हणालो, “नाही.” सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला सत्याचे जे बारीकसारीक कप्पे आम्हांस शिकविले गेले होते त्यांतील कोणत्याही कप्प्यात माझे हे उत्तर बसविता आले असते. ती रडली, आभार मानले आणि गेली.

गांजा ही काही आपल्या देशाला नवी वस्तू नाही. त्याच रोपाच्या पानांची भांग, मादी रोपाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचे चरस हे भेद आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होते. इंग्रज सरकारने १८९३ साली सात सदस्यांचे एक मोठे मंडळ नेमले. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि मर्यादित सेवनाने फारशी हानी होत नाही अशा आशयाचा निष्कर्ष काढला. गांज्याची बाजू घेणारे लोक आजही त्याचा दाखला देतात. मला त्या मंडळाच्या परिश्रमांविषयी आदर आहे. पण ते काम संपले तेव्हा या देशात मोटारगाडीच आलेली नव्हती. गांजा ओढून बैलगाडी हाकणारा माणस झोपी गेला तरी बैल त्याला घरी आणून सोडीत. टेम्पोस तेवढी बुद्धी नाही.

या विषयाकडे मी पुन्हा वळलो तो २०२२ साली, आणि तोही योगायोगाने. बेळगावात माझा एक शाळासोबती डॉक्टर आहे. पावसाळ्यात माझा खांदा दुखतो म्हणून मी त्याच्याकडे गेलो असता ती सारी हकीकत निघाली. अजूनही मला जी गोष्ट कोड्यासारखी वाटत होती ती मी त्यास विचारली: जो माणूस इतका जपून गाडी चालवीत होता त्याचाच पाय का हलला नाही?

तो म्हणाला, तुझे कोडे जुने आहे. मग त्याने मला समजावून सांगितले ते माझ्या शब्दांत मी येथे देतो. दारू माणसाला शूर बनविते. प्यालेला माणूस आपण उत्तम गाडी चालवितो असे समजून वेग वाढवितो. गांजा ओढलेला माणूस बहुधा तसे करीत नाही. हॉलंडमध्ये मास्ट्रिख्ट येथील विद्यापीठातील संशोधकांनी खऱ्या हमरस्त्यावर अशा चालकांच्या गाड्यांची मापे घेतली आणि त्यांचा अहवाल १९९३ साली प्रसिद्ध झाला. दारू घेतलेले चालक स्वतःला होते त्याहून चांगले समजत. गांजा घेतलेले चालक आपण बिघडलो आहोत हे जाणून जपत, वेग कमी ठेवीत. तरीही मात्रा वाढेल तशी त्यांची गाडी आपल्या पट्ट्यात अधिकाधिक डुलत असे. कारण वेग कमी करणे माणसाच्या हाती असते. परंतु एकाच वेळी रस्ता, आरसा आणि वळण यांवर ध्यान ठेवणे, आणि न कळत आलेल्या संकटाला तत्क्षणी पायाने उत्तर देणे हे जपून होत नाही. शिवाय त्या धुंदीत काळाचे मापच ताणले जाते. क्षण लांब वाटतो. ‘लई वेळ हाय अजून’ हे त्या तरुणाचे शब्द मी डॉक्टरास सांगितले तेव्हा तो काही वेळ काहीच बोलला नाही.

“पण आम्ही तासभर थांबलो होतो,” मी म्हणालो. “तो म्हणाला, उतरली.”

तेव्हा त्याने मला त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची माहिती दिली. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये गांजा नियमित ओढणाऱ्या १९१ लोकांना निवडण्यात आले. काहींच्या हाती खरा गांजा आणि काहींच्या हाती मादकता जवळजवळ काढून घेतलेला गांजा दिला, आणि मग सर्वांना गाडीच्या हुबेहूब नकलेत बसवून वेळोवेळी पारखले. खरा गांजा ओढलेल्यांपैकी पुष्कळजण अर्ध्या तासाने गाडी चालविण्यास कचरत होते. दीड तासाने त्यांतील बहुसंख्य म्हणू लागले की आता आम्ही चालवू शकतो. पण त्यांचे हातपाय अर्ध्या तासाने होते तितकेच अजून बिघडलेले होते! ती बिघाडी साडेचार तासांनंतर काय ती निवळली. मी मनातल्या मनात हिशेब केला. टपरीमागचा धूर आणि वळणावरचा गवा यांच्यामध्ये अडीच तासांहून अधिक अंतर नव्हते.

ही गोष्ट ओढण्याची. भांगेची गोळी किंवा थंडाई घेतली तर चढावयासच तास-दोन तास लागतात, माणूस ‘काही झाले नाही’ म्हणून निघतो आणि वाटेत ती चढते. उतरावयास तर त्याहून वेळ लागतो. डॉक्टराने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, तीही नोंदविली पाहिजे. निव्वळ अपघाताच्या दृष्टीने गांजापेक्षा दारू अधिक घातक ठरली आहे. गांजाने धोका किती वाढतो याविषयी संशोधकांचे आकडे वेगवेगळे आहेत, काहींच्या मते थोडा, काहींच्या मते जवळजवळ दुप्पट. मात्र दोन्ही एकत्र घेतली तर एक दुसरीला फारच बळ देते. आमच्याकडील लग्नसराईत वऱ्हाडाची जीप चालविणारे काय काय घेतात ते ज्यांना माहीत आहे त्यांनी याचा विचार करावा.

मी कायद्याविषयीही विचारपूस केली. गांजा जवळ बाळगणे व सेवन करणे हा १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात दारूबरोबर अमली द्रव्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले तर जी शिक्षा, तीच अमली द्रव्यामुळे गाडीवर ताबा न राहिल्यास: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. दंडाचा हा आकडा २०१९ च्या सप्टेंबरात वाढविला गेला. पण दारूसाठी जसे यंत्र आहे तसे गांजासाठी रस्त्याच्या कडेला सर्रास काही वापरले जात नाही. तोंडाने फुंकून गांजा कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००४ पासून चालकाची लाळ रस्त्यावरच तपासतात. कॅनडाने २०१८ साली गांजा कायदेशीर केला तेव्हा चालकाच्या रक्तातील अंशाची मर्यादाही घालून दिली. तथापि डॉक्टराच्या मते त्यातही अडचण आहे, कारण नेहमी ओढणाऱ्याच्या रक्तात तो अंश धुंदी गेल्यावरही दिवसेंदिवस राहतो, आणि अंश किती यावरून माणूस किती बिघडला हे दारूसारखे सांगता येत नाही. म्हणजे यंत्र सांगत नाही, आणि ज्याने ओढली आहे त्याचे मन तर त्याला ‘उतरली’ असेच सांगते. मग त्या रात्री गाडीत सांगू शकणारा उरला कोण? मध्ये बसलेला पाद्री.

हे सारे मनात घोळत असतानाच, पुढच्या महिन्यात, तोच तरुण माझ्याकडे आला. जवळच्या एका शाळेची मुले ने-आण करणाऱ्या गाडीवर त्यास नोकरी मिळण्याजोगी होती. रात्रीचा घाट सुटणार होता, दरमहा नियमित पगार येणार होता. त्यास माझ्याकडून वर्तनाचा दाखला हवा होता. मी आनंदाने कागद काढला, नाव लिहिले, ‘सद्वर्तनी’ हा शब्द लिहिला आणि थांबलो.

“अजून ओढतोस का?” मी विचारले.

“रोज न्हाई, फादर. कामावर तर न्हाईच.”

“त्या रात्री कामावरच होतास.”

“ती उतरली हुती.”

मी त्यास डॉक्टराकडून ऐकलेले सर्व सांगितले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले आणि मग वर पाहून म्हणाला, “मग तुमी त्याच वक्ताला का बोलला न्हाईसा? वास तर तुमालाबी आलाच की.”

मला उत्तर देता आले नाही. बहिणीचे कारण सांगितले असते, तर तेही पाऊस, धुके व वन्य प्राणी यांच्याच जातीचे झाले असते. मी एवढेच म्हणालो की तू म्हणतोस ते खरे आहे, आणि म्हणूनच आता हा दाखला मला देता येत नाही. तो अर्धा लिहिलेला कागद टेबलावर तसाच ठेवून निघून गेला. त्यानंतर चार महिने तो मिस्साला आला नाही.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. आई अंगणात तांदूळ निवडीत बसली होती. मी तिला म्हणालो की तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर पुरे करावयास आलो आहे. आणि टपरीपासून वळणापर्यंत सर्व सांगितले. तिने सूप खाली ठेवले. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “तीन वरसं मी त्या लंगड्या पोराच्या आईला सांगत आले, माझ्या लेकाची कायबी चूक न्हाई. फादरांनीच सांगितलंय म्हणून.”

हे मला ठाऊक नव्हते. माझ्या त्या एका शब्दावर दोन घरांचे नाते तीन वर्षे उभे होते. एका आईने आपले गाऱ्हाणे गिळले होते, आणि दुसरीने तिला माझ्या नावाने गप्प केले होते. मी बरोबर येऊ का असे विचारले. ती म्हणाली, “नको. तुमी घराकडं जावा.” तिने पायांत चपला घातल्या आणि शेजारच्या आळीकडे निघाली. त्या दोघींत काय बोलणे झाले ते मी कधी विचारले नाही. एवढे मात्र पाहिले की नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला तो तरुण आला तेव्हा तो त्या जुन्या क्लीनरच्या बाकावर, त्याच्या शेजारी बसला होता. तो मुलगा आता गावात शिवणकाम करतो. मशीन उजव्या पायाने चालवितो.

गांजा सुटला आहे असे मी लिहू शकत नाही. तसे त्यानेही मला सांगितलेले नाही. कमी झाला आहे असे आई म्हणते. तिने मात्र एक नेम घातला आहे. गाडीची चावी तांदळाच्या डब्यात असते. ज्या रात्री त्याने ओढली असेल त्या रात्री चावी निघत नाही, भाजी दुसऱ्याच्या टेम्पोत चढते आणि भाडे बुडते. पहिल्या वर्षी या पायी बरेच तंटे झाले, शेजारपाजारच्यांनी ते ऐकले, काहीजण तिला हसलेही. धर्मगुरू या नात्याने मला हा नेम पुरेसा वाटत नाही आणि ते मी दोघांना सांगितले आहे. पण घाटापुरता तो खरा ठरला आहे.

मागल्या पावसाळ्यात मला पुन्हा रात्रीच बार्देशात जावे लागले आणि पुन्हा त्याचाच टेम्पो निघाला होता. पायरीवर पाऊल ठेवण्याआधी मी थांबून त्यास विचारले. विचारताना माझा मलाच संकोच वाटला. तो रागावला नाही.

“न्हाई, फादर,” तो म्हणाला. “चावी आईनं काढून दिलीया,” आणि त्याने पलीकडे वाकून माझ्यासाठी दार उघडले.